पेरियनायकीचा कौल

पुडीतून लाल कण्हेर निघाली आणि कदिरेसनचा चेहरा पडला. त्यात नवल नव्हतं. थोरल्या बहिणीचं लग्न व्हावं म्हणून हा गडी कोइम्बतूरहून एकटाच गाडी हाकत आला होता. नवल हे, की त्याच क्षणी अंबलवाणनचाही चेहरा पडला. आणि अंबलवाणन तर हे लग्न होऊ नये म्हणून त्रिचीहून बायकोला घेऊन आला होता. एका आईची दोन लेकरं एकाच फुलाकडे बघतात आणि दोघांनाही वाटतं आपण हरलो, हे काय गौडबंगाल? तिलगवतीनं एकदा धाकट्याकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे पाहिलं. लग्न तिचं होतं.

विचारायला तिथं उसंत मिळाली नाही. तमिळ आनी महिन्याचा शेवटचा दिवस, पेरियनायकी अम्मन देवीच्या गाभाऱ्यापुढे मुंगीला वाट नव्हती. पुडी उचलून देणारी कुणाचीतरी चार वर्षांची पोर परकर सावरत आईकडे पळाली. पुजारी गुरुक्कळांनी सगळ्यांच्या तळहातावर कुंकू ठेवलं आणि ‘चला, पुढं सरका’ म्हणत पुढच्याचं ताट हातात घेतलं. मागून रेटा आला तशी ही पाच माणसं तेलानं निसरड्या झालेल्या दगडावरून जपत जपत बाहेरच्या मंडपात आली. अम्माला एका खांबाशी टेकवून बसवलं. तिनं पाय लांब केले, डोळे मिटले आणि गुडघे चोळायला लागली.

अंबलवाणन घसा खाकरून म्हणाला, “ठीक आहे. देवी हो म्हणाली. आता माझं काही म्हणणं नाही.”

“हो कुठं म्हणाली अण्णा?” कदिरेसन म्हणाला. “लाल आलं ना?”

“लाल म्हणजेच हो.”

“लाल म्हणजे नाही. पांढरं म्हणजे हो.”

आता बोला! तीन दिवस घरात भांडून झालं, जेवणखाण कडू करून झालं, शेवटी कौल लावू म्हणून एकमत झालं. पांढरी तगर आणली, लाल कण्हेर आणली, केळीच्या पानात सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्या बांधल्या. पण कुठलं फूल म्हणजे काय, हे एकाही शहाण्यानं तोंडातून काढलं नाही. त्यात सांगायचं काय, ते तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं प्रत्येकाला वाटलं होतं. या घराण्याची ही जुनीच खोड. बोलायचं ते बोलायचं नाही आणि नको ते तीन दिवस बोलत बसायचं.

तिलगवतीला तर फूल बघून आधी काही सुचलंच नाही. ती एक्कावन्न वर्षांची होती. वेण्णारकुडी गावची पोस्टमास्तरीण, सत्तावीस वर्षं त्याच खुर्चीत. तिशीपर्यंत तिच्यासाठी स्थळं आली, त्यात कुणाला पत्रिका नडली, कुणाला उंची नडली. मग वडील अंथरुणाला खिळले, आणि स्थळं यायची बंद झाली ती कधी, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. घरात ती आणि अम्मा.

आणि मग नल्लसिवम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला विधुर, सिंगापूरला लेक. तिला चकल्या नि चटणीची पोडी पाठवायला दर महिन्याला पोस्टात यायचा. पार्सलाचं कापड त्यानं शिवलं की टाका उसवायचाच. दोन महिने तिलगवतीनं ते परत दिलं, तिसऱ्या महिन्यात वैतागून स्वतःच शिवून दिलं. तेव्हापासून तो बाजूच्या खुर्चीवर बसून नुसता सुईत दोरा ओवून द्यायचा. तीन वर्षं हेच. गेल्या सोमवारी दोरा ओवता ओवता म्हणाला, पुढच्या आडी महिन्याच्या पंधरवड्यात मी लेकीकडे जातोय. ती म्हणते कायमचे या. तुम्ही हो म्हणालात तर परत येईन. उत्तर आडी लागायच्या आत द्या. तिनं पार्सलावर शिक्का मारला तो उलटा पडला.

आडी उद्या लागणार होती. आडीत लग्नाचा शब्दही कुणी काढत नाही. म्हणजे काय ते आजच.

कौल मागताना तिनं स्वतः काय धरलं होतं? समईची ज्योत वर गेली, घंटा वाजली, तेव्हा डोळे मिटून ती देवीला म्हणाली होती, पांढरं आलं तर मी अम्माजवळ राहीन. आणि लाल आलं तर... इथं तिची गाडी अडली. मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य पुरं होईना. एवढ्या मोठ्या बाईला देवीपुढे लाज वाटली. तेवढ्यात पोरीनं पुडी उचललीसुद्धा. अर्धाच प्रश्न विचारला आणि उत्तर आलं ते नेमकं न विचारलेल्या अर्ध्याचं. असलं उत्तर चालतं का, हे आता कुणाला विचारावं?

“आपल्या घरात लाल म्हणजेच हो,” अंबलवाणन सांगत होता. “कुंकवाचा रंग. माझ्या लग्नाच्या वेळी अप्पांनी इथंच कौल लावला, याच गाभाऱ्यात, आणि लाल कण्हेर आली. तेव्हा कुठं त्रिचीला निरोप गेला.”

त्याची बायको उमैयाळ इतका वेळ द्रोणात चिंचभात वाढत होती. तिचा हात थांबला. “काय आलं म्हणालात?”

“लाल.”

“आणि तुम्ही होकार कळवलात?”

“मग? लाल आल्यावर नकार कळवतात?”

“आमच्याकडे लाल म्हणजे नाही,” उमैयाळ म्हणाली. “पांढरं म्हणजे विभूती, विभूती म्हणजे देवाचा होकार. माझ्या वडिलांनी आमच्या देवळात लावला तेव्हा पांढरं आलं, म्हणून मी तुमच्या घरात आहे. लाल आल्याचं माझ्या वडिलांच्या कानावर गेलं असतं ना, तर त्यांनी मला विहिरीत ढकललं असतं, पण इथं दिलं नसतं.”

बत्तीस वर्षं संसार झाला होता. दोन मुलं शिकून नोकरीला लागली होती. आणि आज भर देवळात, चिंचभाताच्या द्रोणावर, अंबलवाणनला कळत होतं की बायकोच्या हिशेबानं हे लग्न देवीनं मोडायला सांगितलं होतं. तो चिडला. बायकोला म्हणाला, तुझ्या माहेरचं सगळंच उलटं. ती म्हणाली, म्हणूनच सुलट्यांत येऊन एवढी वर्षं निभावली.

गंमत बघा. उमैयाळ घरी तिलगवतीच्या बाजूची. स्वयंपाकघरात तिचा हात धरून म्हणाली होती, कर गं बाई लग्न, लोकांचं काय, चार दिवस बोलतील. तीच आता लाल म्हणजे नाही म्हणून हटून बसली. आणि अंबलवाणन, जो म्हणत होता की एक्कावन्नाव्या वर्षी बाशिंग बांधलं तर गावातली पोरं मागं लागतील, तो आपल्या लग्नाची अब्रू राखायला लाल म्हणजे होच म्हणून भांडत होता. तिलगवतीला कळेना, आपल्या बाजूनं कोण आणि विरुद्ध कोण. भात तिच्या हातात तसाच गार होत होता.

कदिरेसनला मात्र चटकन उमजलं की वारं फिरलंय. “अण्णाचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “लाल म्हणजे हो.”

“आत्ता तर तू पांढरं म्हणत होतास.”

“मला काय माहीत? मी मोबाइलवर वाचलं होतं. घरची पद्धत ती घरची पद्धत.”

“देवीपुढे उभं राहून मनात एक धरायचं आणि बाहेर येऊन दुसरं बोलायचं?” अंबलवाणन म्हणाला. “अशानं कौलाला अर्थ काय राहिला?”

शेवटी गुरुक्कळांनाच विचारू म्हणून दोघं भाऊ परत रांगेच्या कडेनं आत घुसले. पाच मिनिटांत परत आले ते तोंडं पाडून. गुरुक्कळ म्हणाले होते, मी नुसती पूजा करतो. कुठलं फूल म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं देवीआईला आधी सांगायचं असतं. तुम्ही काय सांगितलंत ते मला कसं कळणार? आणि पुन्हा कौल लावायचा तर एक मंडल थांबा, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. त्याच्या आत तोच प्रश्न विचारला तर आईला राग येतो.

अठ्ठेचाळीस दिवस म्हणजे आडी संपून वर पंधरा दिवस. तोवर नल्लसिवम सिंगापुरात. तिलगवतीला पोस्टातली ती बाजूची खुर्ची रिकामी दिसायला लागली. तिला नवल वाटलं, कारण ती खुर्ची आहे हेसुद्धा तिनं कधी मनाशी कबूल केलं नव्हतं.

“मग थांबू या की,” अंबलवाणन म्हणाला. त्याचा आवाज आता बराच मऊ झाला होता. “एवढी वर्षं गेली, अठ्ठेचाळीस दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? परत नीट विचारू. तोवर अम्माचं काय करायचं, तेही ठरवू.”

“अम्माचं काय ठरवायचंय?” कदिरेसननं विचारलं.

“हिचं लग्न झालं तर अम्माला कोण बघणार? तू नेणार आहेस?”

झालं. जे तीन दिवस कुणी काढलं नव्हतं ते बाहेर पडलं. गावातली पोरं मागं लागतील, लोक हसतील, पत्रिका जुळत नाही, ही सगळी वरवरची पालवी होती. मूळ हे होतं. ज्या म्हातारीचं बोलणं चाललं होतं ती दोन हातांच्या अंतरावर खांबाला टेकून बसली होती. डोळे मिटलेलेच होते.

कदिरेसन भात चिवडत राहिला. मग म्हणाला, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अम्माचे गुडघे असे. पावसाळ्यानंतर जागा बदलायचा विचार आहे. उमैयाळ म्हणाली की आमच्याकडे जागा आहे हो, पण सुनेला दिवस गेलेत, माझी मीच पुरी पडत नाही. सगळं खरं होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तिलगवतीला त्याचाच राग आला. निदान एकानं तरी खोटं बोलावं, की अम्माची काळजी करू नकोस!

“अक्का,” कदिरेसन तिच्याकडे न बघता म्हणाला, “अण्णाही काही चूक म्हणत नाही. अठ्ठेचाळीस दिवसांचाच तर प्रश्न आहे. तो माणूस खरा असेल तर थांबेल.”

तीन दिवस तिच्यासाठी थोरल्या भावाशी दोन हात करणारा हा धाकटा. याला तिनं कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती द्रोणातल्या मिरच्या बाजूला काढायला लागली.

“मला कुणी विचारणार आहे का?” ती म्हणाली.

खरंच, हे सुचलंच नव्हतं कुणाला.

“सांग ना,” अंबलवाणन म्हणाला. “तू काय धरलं होतंस?”

“पांढरं आलं तर राहायचं, असं.”

“आणि लाल आलं तर?”

पुन्हा तेच. गाभाऱ्यात जे वाक्य अडलं होतं ते इथंही अडलं, आणि इथं तर माणसं बघत होती. “लालचं काही बोलले नाही,” ती म्हणाली.

“मग तो कौलच नव्हे,” अंबलवाणन म्हणाला. रागानं नाही, उलट सुटका झाल्यासारखा म्हणाला. “अर्ध्या प्रश्नाला देवी कसं उत्तर देईल?”

“पांढरं म्हणजे राहणं, तर लाल म्हणजे जाणं, हे काय वेगळं सांगायला लागतं?” असं कदिरेसन म्हणाला खरा, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता. उमैयाळ म्हणाली की बाजारातसुद्धा अर्ध्या बोलीवर सौदा होत नाही. अंबलवाणननं मान हलवली. नवरा-बायकोचं बत्तीस वर्षांचं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं. तिघांचं जमलं होतं: थांबायचं. तिलगवतीला वाटलं, बरोबरच आहे. मग वाटलं, काय बरोबर आहे? ज्या बाईला मनातल्या मनात हो म्हणता येत नाही, तिनं लग्न कशाला करावं? आणि हो म्हणायचं नसतं तर लाज कशाची वाटली? तिला काहीच नीट समजेना. उठून पोस्टात जावं, खिडकी उघडावी आणि तिकिटं विकावीत, एवढंच तिला सुचत होतं.

“मी सांगू का?” अम्मा म्हणाली.

तिनं डोळे उघडले नव्हते. “तुम्ही सगळे तिच्या लग्नाचं विचारत होतात, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तिच्या लग्नाचं काय विचारायचंय? ती काय कुकुलं बाळ आहे? मी माझं विचारलं. लाल आलं तर त्रिचीला थोरल्याकडे, पांढरं आलं तर कोइम्बतूरला धाकट्याकडे. लाल आलं. आईनं सांगितलं ते सांगितलं. माझं सामान थोडंच आहे.”

अंबलवाणनचं तोंड उघडं राहिलं. उमैयाळनं हातातला रिकामा द्रोण आधी दुमडला, मग परत उलगडला. तिची खरी पंचाईत झाली होती. लाल म्हणजे नाही म्हणावं तर सासू म्हणणार, मी हो-नाही विचारलंच नव्हतं. या कौलात घरची पद्धत नाही, माहेरची नाही, काहीच कामाला येईना. कदिरेसन तर सुटलेला माणूस. त्याला हसू आवरेना, आणि हसण्याची लाजही वाटत होती.

“अत्तै,” उमैयाळ शेवटी सासूला म्हणाली, “खालच्या खोलीत पंखा लावून घ्यावा लागेल.”

“लावा,” अम्मा म्हणाली.

तेवढ्यात राखणदारानं दुपारची घंटा बडवायला घेतली. चला, चला, दारं बंद व्हायची वेळ झाली. सगळे उठले. दोघे भाऊ पुढं निघाले आणि चालता चालताच पंखा, डॉक्टर, कुठला महिना यावर त्यांची जुंपली. उमैयाळ मध्येच नवऱ्याला म्हणताना ऐकू आली, लाल आलेलं मला आधी का नाही सांगितलंत?

बाहेरच्या आवारातले दगड तव्यासारखे तापले होते. काथ्याची ओली पट्टी अंथरली होती तिच्यावरून अम्मा तिलगवतीच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत होती. अर्ध्या वाटेवर सावली आली तशी ती थांबली.

“त्रिचीचं पाणी मला मानवत नाही,” अम्मा म्हणाली.

“मग कौल कशाला असा लावलास?”

“कसला कौल? मी काही विचारलं नाही. गुडघे एवढे ठणकत होते, कधी एकदा बसायला मिळतंय याच्याकडे माझं लक्ष.”

“अम्मा, देवीच्या दारात खोटं बोललीस?”

“गाभाऱ्यात नाही बोलले. खांबाशी बसून बोलले.” म्हातारीनं पदरानं मान पुसली. “आणि तिला काय, माझ्या खोट्याची सवय आहे. तुझं स्थळ मोडलं की तुझ्या बापाला मी सांगायचे, तिलगाच नको म्हणाली. पोरीला कुणी नाकारलं हे त्याला सोसलं नसतं.”

हे तिलगवतीला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तिला वाटत होतं, वडील त्या दिवसांत आपल्याशी बोलायचे नाहीत ते बिनलग्नाची मुलगी पोसावी लागते म्हणून. ते रागावले होते, मुलगी नाही म्हणते म्हणून. आईवर चिडावं, की आईच्या गळ्यात पडावं, तिला काही सुधरेना.

“तू तिथं सुखानं राहणार नाहीस,” ती म्हणाली. “मी कशी जाऊ?”

“सुखानं कुठं राहिले मी आजवर, ते आता त्रिचीला राहीन?” अम्मा म्हणाली. “तुझ्याजवळ राहिले, ते बरं होतं. खूप बरं होतं. पण मी आणखी किती दिवस? आणि मी गेल्यावर तू कुणाला घेऊन बसणार त्या घरात? उद्या आडी लागतेय. फोन कर त्याला.”

“इथून?”

“इथून. बाहेर गेलीस की ते दोघं परत विचारतील, आणि तू परत गप्प बसशील. मी ओळखते तुला.”

तिलगवतीनं पिशवीतून फोन काढला. नंबर पाठ होता, पार्सलाच्या पावतीवर दर महिन्याला लिहून लिहून. तरी एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. आई आणि लेक भर उन्हात त्या सावलीच्या तुकड्यात उभ्या होत्या. रिंग वाजत होती आणि दोघींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की बांगड्या रुतत होत्या. पलीकडून ‘हॅलो’ आलं, तसा अम्मानंच आधी हात सोडला.